एसी बसवताना या चुका टाळा : सुरतच्या दमट हवेत खरा थंडावा फिटिंगवरच ठरतो

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या भागांत खान्देशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. गावी नंदुरबार-जळगावकडचा उन्हाळा कूलरवर निघून जातो, कारण तिकडची हवा कोरडी. कूलर हवेत पाणी सोडून गारवा करतो. सुरतच्या हवेत समुद्र आणि तापीमुळे आधीच ओल असते, तिच्यात आणखी पाणी जिरत नाही. मग कूलर लावून अंग चिकट होतं आणि भिंतीला वास येतो. म्हणून इथे एक-दोन खोल्यांच्या घरातही आता हप्त्यावर एसी घेतला जातो.

पैसे साठवून घेतलेला एसी दुसऱ्याच उन्हाळ्यात गॅस मागतो, पलंगावर पाणी ठिबकतं, बिल दुप्पट येतं. दोष कंपनीला दिला जातो. पण बऱ्याच वेळा यंत्र चांगलं असतं आणि बसवण्यात गडबड झालेली असते. स्प्लिट एसी खोक्यातून निघतो तेव्हा तो अर्धाच तयार असतो. आतला भाग, बाहेरचा भाग, त्यांना जोडणारे तांब्याचे पाइप, वायर आणि पाण्याची नळी ही सगळी जोडणी तुमच्या घरी होते. ती दीड-दोन तासांची जोडणी पुढची आठ-दहा वर्षं ठरवते. त्या वेळी काय बघायचं, ते क्रमाने पाहू.

आधी खोली मोजा, मग टन ठरवा

एसीचा 'टन' म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची ताकद म्हणजे एक टन. मोजमापात ती ताशी १२,००० बीटीयू किंवा सुमारे साडेतीन किलोवॅट होते.

ढोबळ हिशेब असा : १०० ते १२० चौरस फुटांच्या खोलीला एक टन, १५० ते १७० चौरस फुटांच्या खोलीला दीड टन. पण खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल, पश्चिमेला मोठी खिडकी असेल किंवा स्वयंपाक त्याच खोलीत होत असेल, तर एक पायरी वरचा विचार करावा लागतो.

'मोठा घेतला की बरं' हा समज सुरतमध्ये जास्त महागात पडतो. एसी दोन कामं करतो, हवा गार करतो आणि हवेतली ओल काढतो. गरजेपेक्षा खूप मोठा एसी दहा मिनिटांत खोली गार करून कंप्रेसर थांबवतो. ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार असते, पण चादर दमट लागते. लहान एसीची गोष्ट उलटी. तो दिवसभर पूर्ण जोरात पळतो, तरी गारवा येत नाही आणि मीटर फिरत राहतं.

पत्र्याच्या घरात आधी छताकडे बघा. उघड्या पत्र्याखाली दोन टनाचा एसीही दुपारी हात टेकतो. पत्र्याखाली उष्णतारोधक थर देऊन छत करून घ्या. स्लॅब असेल तर गच्चीवर पांढरा चुना द्या किंवा गुजरातमध्ये सर्रास करतात तसं चायना मोझॅक करून घ्या. यावरचा खर्च एकदाच होतो, बिलातला फरक दर महिन्याला दिसतो.

स्टार बघताना लेबलवरचं वर्षही बघा. स्टारचे निकष ठरावीक काळाने कडक होतात, त्यामुळे जुन्या साठ्यातला पाच स्टार आणि नवा पाच स्टार सारखा नसतो. लेबलवरचा 'आयसीअर' हा आकडा जितका मोठा, तितकी वीज कमी.

वायरिंग : इथे 'चालशे' चालत नाही

पाचव्या-सहाव्या फिटिंगला निघालेला कारागीर घाईत असतो. पंख्याच्या बोर्डातून वायर काढून देतो आणि म्हणतो, "चालशे!" काही दिवस चालतंही. पण दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना दीड किलोवॅटच्या आसपास वीज ओढतो, कमी स्टारचा त्याहून जास्त. दिवे-पंख्यांच्या बारीक वायरीतून ही वीज तासन्‌तास गेली की वायर आतून तापते, वरचं प्लास्टिक मऊ होतं आणि एके रात्री ठिणगी पडते.

शॉर्टसर्किट काय करू शकतं, हे सुरतला नव्याने सांगायला नको. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातल्या तक्षशिला कॉम्प्लेक्सच्या आगीत २२ विद्यार्थी गेले. आगीची सुरुवात खालच्या मजल्यावरच्या शॉर्टसर्किटने झाली होती.

म्हणून या गोष्टी एसी घरात येण्याआधीच वायरमनकडून करून घ्या :

• मीटर बोर्डापासून एसीसाठी वेगळी लाइन. दीड टनासाठी किमान २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर, अंतर लांब असेल तर ४ चौरस मिमी.
• त्या लाइनवर स्वतंत्र एमसीबी. किती अँपिअरचा, ते मॉडेलच्या पुस्तिकेत असतं. ट्रिप होतो म्हणून त्याच वायरीवर मोठा एमसीबी बसवू नका. तसं केलं की वायर जळते, पण एमसीबी पडत नाही.
• १६ अँपिअरचा चांगला सॉकेट. एक्स्टेन्शन बोर्ड एसीला कधीही नको.
• खरं अर्थिंग. जुन्या चाळीवजा घरांत तिसरी पिन असते, पण तिच्या मागे वायरच नसते. टेस्टरवर भागवू नका, वायरमनला मीटर लावून बघायला सांगा.
• ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. धक्का जीवघेणा होण्याआधी तोच वीज तोडतो.

लोडचंही बघा. सुरतच्या जुन्या शहरी भागात टोरंट पॉवरची वीज आहे, इतर बऱ्याच भागात दक्षिण गुजरात वीज कंपनीची, म्हणजे डीजीव्हीसीएलची. बिलावर मंजूर लोड छापलेला असतो. तो एक-दोन किलोवॅटच असेल तर आधी वाढवून घ्या. भाड्याच्या खोलीत सबमीटर असेल तर घरमालकाशी दोन गोष्टी आधीच बोला : एसीची लाइन कुठून घ्यायची आणि युनिटचा दर काय. नंतरची भांडणं इथूनच सुरू होतात.

आतला भाग कुठे लावायचा

जागा भिंतीच्या शोभेवर ठरवू नका. जमिनीपासून सात-आठ फूट उंची ठीक. वर छताला चिकटवू नका, पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडा, कारण हवा वरूनच आत ओढली जाते. समोर कपाट किंवा जाड पडदा आला की गार हवा तिथेच आदळून परत फिरते आणि एसीला वाटतं खोली गार झाली. टीव्ही, इन्व्हर्टर, स्विचबोर्ड यांच्या बरोबर वर बसवू नका, पाणी गळलं तर सरळ त्यांच्यावर पडेल. झोपताना तोंडावर झोत येणार नाही, हेही आधीच पलंगावर आडवं होऊन बघा.

शक्यतो बाहेरच्या भिंतीवर लावा, म्हणजे पाइप लहान राहतो आणि पाण्याला उतार मिळतो.

पाण्याची नळी : सुरतमधली सगळ्यात जास्त तक्रार

दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. गावी कोरड्या हवेत हेच पाणी जेमतेम ठिबकतं. म्हणून तिकडे खपून जाणारी चूक इथे पहिल्याच पावसाळ्यात भिंतीवर उमटते.

भिंतीतलं भोक आतून बाहेर किंचित खाली उतरतं हवं. नळी सगळीकडे उतरती हवी, मध्ये कुठेही वर चढून पुन्हा खाली यायला नको. तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडलेलं नको, नाहीतर हवा अडून पाणी मागे येतं. खोलीतून जाणाऱ्या नळीवर फोम हवा, नाहीतर नळीच्या बाहेरूनच घाम सुटतो. तांब्याच्या दोन्ही पाइपांवरही वेगवेगळा फोम हवा. दोन्ही पाइप एकत्र गुंडाळून वर एकच पट्टी मारली तर थंडावा वाटेतच जातो.

परीक्षा सोपी आहे. फिटर असतानाच आतल्या भागाची जाळी उघडून ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतायला सांगा. ते बाहेर धारेने आलं पाहिजे.

बाहेर ते पाणी कुठे पडतं, तेही बघा. खालच्यांच्या वाळवणावर किंवा गल्लीत पडलं की भांडण, साठून राहिलं की डास. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो. नळी सरळ मोरीच्या पाइपात सोडा. पाणी भांड्यात धरत असाल तर ते रोज रिकामं करा.

गॅस आणि व्हॅक्यूम : न दिसणारी चूक

सगळ्यात महागडी चूक डोळ्यांना दिसत नाही. पाइप जोडल्यावर त्यांच्यात हवा आणि ओल उरते. ती व्हॅक्यूम पंप लावून काढावी लागते. पंप १५ ते २० मिनिटं चालवायचा, मग बंद करून गेजचा काटा जागेवर राहतो का ते बघायचं. काटा परत चढला तर कुठेतरी गळती आहे किंवा आत ओल आहे.

घाईत काय करतात? बाहेरच्या भागातला थोडा गॅस सोडून त्याच्या जोराने हवा बाहेर ढकलतात. याने हवा पूर्ण जात नाही, ओल तर राहतेच, वर तुमचा गॅस कमी होतो. आत राहिलेली ओल कंप्रेसरच्या तेलात मिसळून आम्ल तयार करते आणि कंप्रेसर हळूहळू खराब होतो. एसी पहिल्या दिवशी मस्त गार करतो, म्हणून कुणाला संशयही येत नाही.

आता धोकाही वाढला आहे. नव्या एसींत बहुतेक आर-३२ गॅस असतो, काहींत आर-२९०. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो चांगलाच पेट घेतो. हे गॅस बंद खोलीत सोडणं किंवा जोडणीजवळ बिडी पेटवणं म्हणजे आगीशी खेळ.

पाइपाच्या तोंडाला शंकूसारखा आकार देतात, त्याला फ्लेअर म्हणतात. तो वाकडा किंवा चिरलेला असला की गळती ठरलेली. नट हाताच्या अंदाजाने आवळण्याऐवजी टॉर्क पान्याने आवळणारा कारागीर मिळाला तर उत्तम. शेवटी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. याला पाच मिनिटं लागतात.

पाइप वाकवताना चपटा झाला तर तेवढा तुकडा बदलायला सांगा. पाइप कंपनीने दिलेल्या लांबीपेक्षा जास्त लागला तर गॅस थोडा वाढवावा लागतो. किती, ते पुस्तिकेत ग्रॅममध्ये दिलेलं असतं आणि ते वजनकाट्यावर मोजून भरायचं असतं. जुन्या आर-२२ एसीचे पाइप नव्याला जोडू देऊ नका. नव्या गॅसचा दाब दीडपटीहून जास्त असतो आणि जुनं तेलही त्याला चालत नाही.

बाहेरचा भाग : त्यालाही श्वास हवा

खोलीतली उष्णता बाहेरचा भाग हवेत फेकतो. लिंबायत-डिंडोलीच्या अरुंद गल्ल्यांत तो दोन भिंतींच्या फटीत किंवा बंद डक्टमध्ये कोंबतात. मग तो स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो. गारवा कमी होतो, वीज जास्त लागते, दुपारी एसी स्वतःहून बंद पडतो. समोर काही फूट जागा पूर्ण मोकळी ठेवा, मागे किमान वीतभर. समोर शेजाऱ्याची खिडकी असेल तर जागा बदला.

सुरतच्या आणखी तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, लूमचा रुवा. कारखान्याजवळच्या घरांत कापसाचा आणि धाग्याचा रुवा बाहेरच्या जाळीवर गादीसारखा बसतो. हात पोहोचेल आणि धुता येईल अशीच जागा निवडा. दुसरी, खारी हवा. डुमस-हजिरा बाजूला राहत असाल तर गंजरोधक थर दिलेली कॉइल आणि जाड, रंग दिलेला ब्रॅकेट घ्या. तिसरी, पाणी. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या पुराने अर्ध्याहून जास्त शहर बुडवलं होतं आणि लिंबायतकडे मिठी खाडीचं पाणी मोठ्या पावसात आजही शिरतं. तळमजल्यावर असाल तर बाहेरचा भाग जमिनीवर ठेवू नका, उंच भिंतीवर घ्या.

तीस किलो वजन आणि एक माणूस

दीड टनाचा बाहेरचा भाग साधारण २५ ते ३५ किलोचा असतो. तो खिडकीच्या ग्रिलवर टांगणं ही सरळ खाली चालणाऱ्या माणसाच्या जिवाशी गाठ आहे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत एक्स्पान्शन बोल्ट धरतात. पण नव्या इमारतींत हलके सिमेंटचे ब्लॉक वापरतात, त्यांत साधे बोल्ट हळूहळू सैल होतात. तिथे आरपार बोल्ट टाकून मागे प्लेट लावतात किंवा रसायनाने धरणारे अँकर वापरतात. भोक पाडताना लाल भुकटी येते की पांढरी-राखाडी, यावरूनही भिंत कळते. पण पांढरी-राखाडी भुकटी काँक्रीटचीही असते, म्हणून ड्रिल लोण्यात गेल्यासारखं घुसलं तर थांबायला सांगा.

आणि तो बसवणारा माणूस. चौथ्या मजल्याच्या छज्जावर एक पाय, दुसरा हवेत, कमरेला काही नाही, हे दृश्य एप्रिल-मे महिन्यात रोज दिसतं. ही पोरंही कुणाच्या घरची कमावती असतात. सेफ्टी बेल्ट आणि सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. बेल्ट नसेल तर दुसऱ्या दिवशी या म्हणा, किंवा बाहेरचा भाग गच्चीवर वा बाल्कनीत घ्या. पाइप चार फूट वाढला तर वाढू द्या.

जमल्यास फिटिंग फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. ऐन उन्हाळ्यात एका कारागिराकडे दिवसाला इतकी कामं असतात की व्हॅक्यूमची वीस मिनिटं आणि बेल्ट हेच आधी वगळले जातात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*दरवर्षी गॅस भरावा लागतो का?*
नाही. गॅस बंद पाइपात फिरत राहतो, तो पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी गळती शोधून बंद करा, मगच गॅस भरा. नुसता गॅस भरून देणारा पुढच्या वर्षी पुन्हा येणारच.

*स्टॅबिलायझर लागतो का?*
तुमचा एसी किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो, ते पुस्तिकेत बघा. घरातलं व्होल्टेज त्या पट्ट्यात राहत असेल तर लागत नाही. संध्याकाळी दिवे मंद होत असतील तर घ्या.

*खोली बदलायची आहे किंवा एसी गावी न्यायचा आहे, गॅस जातो का?*
नीट काढला तर जात नाही. एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह बंद करतात, गॅस बाहेरच्या भागात गोळा झाला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी थांबवतात. याला 'पंप डाऊन' म्हणतात. पाइपांची तोंडं टोपी किंवा टेपने बंद करा. नव्या जागी पुन्हा व्हॅक्यूम करावाच लागतो.

*किती डिग्रीवर ठेवायचा?*
१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ डिग्री ठेवणं बंधनकारक आहे. २४ ते २६ वर ठेवून पंखा हळू चालवा. १६ वर ठेवल्याने खोली लवकर गार होते असं नाही, फक्त एसी जास्त वेळ पळतो.

*सुरतमध्ये घेतला, राहतो नंदुरबारला. तक्रार कुठे करायची?*
ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. दुकान दुसऱ्या राज्यात आहे म्हणून अडत नाही. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मराठीतून बोलता येतं. मात्र पक्कं बिल हवं. फिटिंगचंही बिल मागा आणि वॉरंटी कार्डावर तारीख टाकून घ्या.

फिटर जाण्याआधी हे दहा तपासा

१. स्वतंत्र वायर, एमसीबी आणि अर्थिंग आहे.
२. व्हॅक्यूम पंप किमान १५ मिनिटं चालला, गेजचा काटा स्थिर राहिला.
३. सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावून बघितला.
४. ट्रेमध्ये ओतलेलं पाणी धारेने बाहेर आलं.
५. भिंतीचं भोक बाहेरून-आतून बुजवलं, नाहीतर उंदीर आणि पावसाचं पाणी येतं.
६. दोन्ही पाइपांवर वेगळा फोम आहे, पाइप कुठे चपटा नाही.
७. बाहेरच्या भागाखाली रबर आहे, हलवून बघितला तर ब्रॅकेट हलत नाही.
८. आतल्या-बाहेरच्या भागाला जोडणाऱ्या वायरीला मध्ये जोड नाही.
९. पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरात चालवल्यावर आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांत साधारण ८ ते १२ डिग्रीचा फरक आहे.
१०. बिल, वॉरंटी कार्ड आणि दोन्ही भागांवरच्या सिरियल नंबरचा फोटो तुमच्याकडे आहे.

हे दहा मुद्दे मोबाइलमध्ये ठेवा आणि फिटिंगच्या वेळी शेजारी उभे राहून एक-एक विचारा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही. जो चिडतो, त्याला काम देण्याआधी दोनदा विचार करा.